एका पंगतीची शाळा : कर्मवीर भाऊराव पाटील

मलकापुराहून काही मैलांवर, आपल्या कराड तालुक्यातच, काले हे गाव आहे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी तेथे सत्यशोधक समाजाची परिषद भरली आणि तीतच रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला गेला. संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांनी गावोगाव शाळा काढल्या, हे सर्वांस ठाऊक आहे. शाळेच्या नित्याच्या चालीरीतींतून त्यांनी माणसे कशी घडविली, याचा विचार मात्र व्हावा तितका होत नाही.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास जैन वसतिगृहात राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्याचे त्यांनी नाकारले. त्यामुळे त्यांना वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. भोजनगृहाचा एक आचार माणसास माणसापासून कसा तोडतो, याचा हा अनुभव त्यांना विद्यार्थिदशेतच आला. तोडणाऱ्या आचारात एवढे बळ असेल, तर जोडणाऱ्या आचारात किती असावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या पुढील आयुष्याने दिले.

१९२४ साली त्यांनी साताऱ्यास वसतिगृह काढले. सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी तेथे एकच स्वयंपाकघर आणि एकच पंगत होती. स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणे ही कामे मुलेच आळीपाळीने करीत. आज ज्याच्या हातची भाकरी खाल्ली, त्यास उद्या आपण वाढावयाचे, हा तेथील नित्यक्रम. समतेवर शंभर व्याख्याने ऐकून जे साधले नसते, ते या रोजच्या पंगतीने साधले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

अशी रीत चालविण्यास किंमत मोजावी लागते. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या. तरीही परक्यांच्या मुलांस त्यांनी पोटच्या मुलांप्रमाणे सांभाळले. धान्य संपले, तेव्हा अंगावरील दागिने आणि अखेर मंगळसूत्रही त्यांनी मुलांच्या अन्नासाठी दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. त्या पंगतीचे खरे पुण्य त्यांच्याही पदरी आहे.

पुढे १९३२ साली पुण्यास युनियन बोर्डिंग निघाले आणि १९३५ साली साताऱ्यास अध्यापक विद्यालय सुरू झाले. तेथून बाहेर पडलेले शिक्षक या चालीरीती आपल्याबरोबर खेड्यांत घेऊन गेले. १९४० साली निघालेल्या महाराजा सयाजीराव विद्यालयात कमवा आणि शिका ही पद्धती रुजली. हाती कुदळ घेणे ही तेथील विद्यार्थ्यास लाजेची नव्हे, मानाची गोष्ट वाटू लागली. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय आणि १९५४ साली कराडास सद्गुरू गाडगे महाराज महाविद्यालय स्थापन झाले. ९ मे १९५९ रोजी कर्मवीरांनी देह ठेवला. आजही २२ सप्टेंबरला रयतेच्या शाळाशाळांतून त्यांची जयंती साजरी होते.

ज्ञातिबांधवहो, आपणही दरवर्षी मेळावे भरवितो, गुणवंत मुलांचा सत्कार करतो, विद्यार्थ्यांस साहाय्य देतो. हे सर्व उचितच आहे. परंतु सत्काराचा हार सायंकाळपर्यंत सुकतो. रोज हाताने केलेली गोष्ट जन्मभर अंगी राहते. आपल्या मुलांस आपण कोणती रीत लावून देत आहोत, आणि त्या रीतीत शेजारच्या ज्ञातीच्या मुलास पाट मांडलेला आहे काय, एवढे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे. कर्मवीरांचे स्मरण करण्याचा याहून योग्य मार्ग आम्हांस दिसत नाही.