रिझल्ट बघायला पंचम नव्हता

कमबॅक म्हटलं की आपल्याला पहिलं क्रिकेटच आठवतं. टीममधून ड्रॉप झालेला प्लेअर रणजी खेळतो, रन काढतो, परत येतो. पब्लिक टाळ्या वाजवतं आणि तो बॅट वर करतो. पण एक कमबॅक असा झाला की टाळ्या वाजल्या तेव्हा बॅट वर करायला माणूसच उरला नव्हता. राहुलदेव बर्मन, म्हणजे आपला पंचम, याची ही गोष्ट. (वयाने आणि मानाने खूप मोठा, पण अहो-जाहो केलं की तो लांबचा वाटतो. आणि आशाताईंशी लग्न केल्यामुळे महाराष्ट्राचा जावईच की!)

जन्म २७ जून १९३९, कोलकाता. वडील सचिनदेव बर्मन, त्यामुळे संगीत घरातच. सरोद तो अली अकबर खाँसाहेबांकडे शिकला. माउथ ऑर्गन तर असा वाजवायचा की 'दोस्ती' (१९६४) मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलालसाठी त्यानेच तो वाजवलाय. संगीतकार म्हणून पहिला सिनेमा 'छोटे नवाब' (१९६१), पण खरा धमाका झाला तो 'तीसरी मंज़िल'ने (१९६६). मग 'कटी पतंग', 'अमर प्रेम', 'हरे रामा हरे कृष्णा', 'शोले'... लिस्ट संपतच नाही.

आपल्यासारख्या इंजिनीअरिंगवाल्यांना पंचम जास्त आवडायला हवा, कारण तो आवाजांवर अक्षरशः एक्सपेरिमेंट करायचा. 'पड़ोसन'मध्ये कंगव्याचा आवाज, 'यादों की बारात'मध्ये ग्लासवर चमचा, 'शोले'त बाटलीत फुंकर! लॅबमध्ये आपल्याला रेडिमेड किट मिळतं, त्याचं किट म्हणजे किचन. शिवाय तो स्वतः गायचा, आणि त्याचा तो घोगरा आवाज कोणालाच कॉपी करता आला नाही. मारुतीराव कीर, मनोहारी सिंग, बासू चक्रवर्ती अशी तगडी टीम कायम सोबत.

१९८३ आणि १९८४ साली लागोपाठ दोन फिल्मफेअर मिळाली ('सनम तेरी कसम' आणि 'मासूम'). त्यानंतर मात्र गाडी उतरणीला लागली. डिस्कोचा जमाना आला, सिनेमे धडाधड पडले, प्रोड्यूसर दुसरीकडे गेले. 'इजाज़त' (१९८७) सारखं सुंदर काम मध्येच व्हायचं, पण मार्केटने शिक्का मारला होता : पंचम संपला. १९८८ मध्ये हार्ट अटॅक आला, लंडनला बायपास झाली. ज्याच्याकडे कधी श्वास घ्यायला वेळ नव्हता त्याच्याकडे आता वेळच वेळ होता. विचार करा, काय वाटलं असेल!

अशा वेळी विधू विनोद चोप्राने त्याला '१९४२ : अ लव्ह स्टोरी' दिला. चोप्राने पुढे बऱ्याच वेळा सांगितलेला एक किस्सा आहे. 'कुछ ना कहो'साठी पंचमने जी पहिली चाल ऐकवली ती चोप्राला अजिबात आवडली नाही. सध्या जे चालतंय तसलंच काहीतरी पंचमने बनवलं होतं. चोप्राने समोरच्या सचिनदांच्या फोटोकडे बोट दाखवलं आणि मला हे संगीत हवंय असं सांगितलं. तीसेक वर्षं इंडस्ट्रीत काढलेल्या माणसाला हे ऐकून घेणं किती जड गेलं असेल? पण पंचम चिडला नाही. त्याने थोडे दिवस मागून घेतले आणि जी नवीन चाल आणली ती आज आपण ऐकतो.

मला वाटतं कमबॅक त्या दिवशीच झाला. लोकांना काय हवं असेल याचा अंदाज बांधणं त्याने सोडलं आणि स्वतःला जे येत होतं ते केलं.

४ जानेवारी १९९४ ला पहाटे पंचम गेला. वय फक्त ५४. सिनेमा आला जुलैमध्ये. सिनेमा फारसा चालला नाही, पण गाणी? आमच्या डोंबिवलीतल्या आई-काकांच्या पिढीला विचारा. कॅसेटची एक बाजू संपली की उलटायची, दुसरी संपली की परत पहिली. त्याच वर्षी 'हम आपके हैं कौन' आला होता, आपल्या रामलक्ष्मणच्या सुपरहिट गाण्यांसकट. तरी १९९५ चं फिल्मफेअर पंचमलाच मिळालं. गीतकार जावेद अख्तर, गायक कुमार सानू, गायिका कविता कृष्णमूर्ती, तीही अवॉर्ड्स याच सिनेमाला! नवीन टॅलेंटसाठी पंचमच्या नावाने अवॉर्ड सुरू झालं आणि पहिलं मिळालं ए. आर. रहमानला.

म्हणजे मार्केटने ज्याला संपला म्हटलं, त्याला ऐकणाऱ्यांनी कधी संपवलंच नव्हतं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं! २००२ मध्ये 'काँटा लगा'च्या रिमिक्सवर पोरं नाचली तेव्हा मूळ गाणं १९७२ च्या 'समाधि'मधलं, पंचमचं, हे कित्येकांना माहीतही नव्हतं.

आपल्याकडे फायनल इयर आलं की प्रोजेक्टचा टॉपिक कसा ठरतो? सध्या काय चालतंय, प्लेसमेंटला काय खपेल! टॉपिक छान वाटतो, पण त्यात आपण कुठेच नसतो. पुढच्या वेळी गाईडने प्रोजेक्ट परत केला तर लगेच तोंड पाडू नका. कल्याण फास्टमध्ये सीट मिळाली (मिळाली तर!) की इअरफोन लावा, '१९४२' ऐका. मग घरी जाऊन तो प्रोजेक्ट परत उघडा.

हॅट्स ऑफ, पंचम!