ज्याच्या नावाचं खनिज कॉम्प्युटरमध्ये 'बंद' करून ठेवतात, तो डोलोमिये कोण होता?

१७५० साली फ्रान्समधल्या डोलोमिये गावात एका सरदार घराण्यात देओदा द डोलोमियेचा जन्म झाला. लहानपणीच त्याला माल्टाच्या लढवय्या धर्मसंघात घातलं. १८व्या वर्षी द्वंद्वयुद्धात त्याच्या हातून संघातलाच एकजण मेला. जन्मठेप झाली, पण काही महिन्यांत सुटला.

पुढे गडी दगडांच्या नादी लागला. आल्प्समध्ये त्याला एक वेगळाच दगड सापडला. दिसायला चुनखडीसारखा, पण आम्ल टाकलं तर तसा फसफसत नव्हता. १७९१ मध्ये त्याने हे छापलं आणि पुढच्याच वर्षी दगडाला नाव मिळालं, डोलोमाईट.

१७९८ मध्ये तो नेपोलियनच्या मोहिमेसोबत इजिप्तला गेला. परतताना वादळामुळे जहाज इटलीतल्या तारांतोला लागलं आणि तो शत्रूच्या हाती सापडला. मेसिनाच्या तुरुंगात त्याला २१ महिने एकांतवासात डांबलं. तिथे दिव्याची काजळी आणि लाकडाची काडी वापरून तो पुस्तकाच्या समासात खनिजांवर लिहीत राहिला. १८०१ मध्ये सुटला, पण त्याच नोव्हेंबरमध्ये गेला.

त्याच्या दगडाचं कोडं मात्र मागे राहिलं.

गणित सांगतं की समुद्राच्या पाण्यातून डोलोमाईटचा साका बसायला हवा. प्रत्यक्षात तो सहसा बसत नाही. एका प्रयोगात २५ अंश तापमानाला ३२ वर्षं वाट पाहिली, तरी डोलोमाईट तयार झालं नाही. कारण मॅग्नेशियमला पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवतात. शिवाय कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे थर एकाआड एक नीट रचले जायला फार वेळ लागतो.

इथेच भू-रसायनाच्या सॉफ्टवेअरची गडबड होते. समतोलाच्या साध्या हिशेबात ते फक्त अंतिम समतोल पाहतं, वेळ पाहत नाही. म्हणून ते डोलोमाईट लगेच तयार करून टाकतं आणि पाण्यातल्या कॅल्शियम, मॅग्नेशियमचे आकडे चुकतात. त्यामुळे 'जिओकेमिस्ट्स वर्कबेंच'सारख्या सॉफ्टवेअरमध्ये हे खनिज 'सप्रेस' करतात, म्हणजे हिशेबातून बाहेर ठेवतात.

पण हा नियम सरसकट लावता येत नाही. जमिनीत खोलवर, जास्त तापमानात आणि लाखो वर्षांत डोलोमाईट तयार होतं. तिथे ते बंद ठेवलं तर उत्तर उलट्या बाजूने चुकतं. कुठलं खनिज वगळायचं हे सॉफ्टवेअर ठरवत नाही. ते डोलोमियेसारखं डोंगरात जाऊन दगड पाहिलेल्या माणसालाच ठरवावं लागतं.