रामनामाचा वारसा
बापूराव पलुसकर यांचे बालपण व पहिली मैफल

चैत्र शुद्ध नवमी आली की शेगावची वाट टाळमृदंगाच्या नादाने दुमदुमू लागते. वऱ्हाडातील गावोगावच्या दिंड्या श्रीगजानन महाराजांच्या नगरीत रामजन्मासाठी दाखल होतात. घरोघरी पाळणा सजतो, सुंठवडा तयार होतो. अशा प्रभाती आकाशवाणीवरून तुलसीदासांचे बालरामाचे पद ऐकू आले, की हातातले काम टाकून क्षणभर थांबलेली माणसे अनेकांनी पाहिली असतील. ते पद घरोघरी पोहोचविणारा गंधर्वकंठ दत्तात्रेय विष्णु उर्फ बापूराव पलुसकर यांचा. त्यांची आजच्या मंगल दिनी आठवण व्हावी, हे स्वाभाविकच होय.

बापूरावांचा जन्म १९२१ च्या मे महिन्यातला. पिता गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकर. १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून संगीताला समाजात मानाचे स्थान मिळवून देणारे ते युगपुरुष. परंतु त्यांच्या संसारात मात्र दैव कठोर झाले होते. आधीची सारी अपत्ये काळाने हिरावून नेली होती. हाच एक पुत्र जगला. मुंबईतील विद्यालयाची भव्य वास्तूही कर्जापायी लिलावात गेली. उत्तरायुष्यात विष्णु दिगंबरांनी भगवी वस्त्रे धारण केली, नाशिकच्या पंचवटीत रामनाम आधाराश्रम उभारला आणि तुलसीरामायणाच्या गायन-प्रवचनात ते रंगून गेले. दत्तात्रेयाच्या कानी पहिले स्वर पडले ते या रामकथेचे.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस विष्णु दिगंबरांनी देह ठेवला. मुलगा अवघा दहा वर्षांचा. हाती ना वाडा, ना संपत्ती. होते ते केवळ एक प्रचंड नाव. थोर पित्याचे नाव ही सावली खरी, पण तिच्यात उभ्या राहणाऱ्या कोवळ्या रोपाला ऊन मिळेलच असे नाही. त्यातून पित्याकडून प्रत्यक्ष तालीम घेण्याचे भाग्य त्या बालकाला फारच थोडे लाभले.

तेव्हा विष्णु दिगंबरांची खरी मिळकत पुढे आली. ती म्हणजे त्यांचे शिष्य. ज्यांना गुरूंनी अन्न, वस्त्र आणि विद्या दिली होती, त्यांनी गुरुपुत्राला विद्येने वाढविले. चुलतबंधू चिंतामणराव पलुसकर यांनी त्याला शिकविले, पंडित नारायणराव व्यास यांचे मार्गदर्शन त्याला मिळाले, आणि विनायकबुवा पटवर्धनांनी तर त्याला पुण्यात आपल्या छायेखाली घेतले. बुवांनी १९३२ मध्ये तेथे गांधर्व महाविद्यालय सुरू केले होते. त्यांच्या शिस्तीचा दरारा सर्वश्रुत आहे. ग्वाल्हेर परंपरेची शुद्ध बंदिश, स्पष्ट शब्दोच्चार व तालाचा पक्का हिशेब बापूरावांच्या गायनात आला, तो या तपश्चर्येतून.

१९३५ साल उजाडले. पंजाबातील जालंधर येथे देवी तलावाच्या काठी, स्वामी हरिवल्लभ यांच्या स्मरणार्थ दरवर्षी मोठा संगीतमेळा भरतो. विष्णु दिगंबर स्वतः तेथे गायिले होते आणि पंजाबात त्यांना मानणारा श्रोतृवर्ग मोठा होता. त्याच स्थानी चौदा वर्षांचा दत्तात्रेय गावयास बसला. कोठे गोदेचा काठ आणि कोठे ते जालंधर! ज्यांनी पित्याला ऐकले होते, त्यांच्यापुढे पुत्राची ही परीक्षा होती. ती तो उतरला. पित्याचा आवाज बुलंद, भारदस्त. मुलाचा मधुर आणि आर्जवी. पित्याची नक्कल न करता त्याने वारसा पुढे नेला, हे आम्हांस विशेष वाटते.

पुढचा प्रवास वेगाने झाला. १९४४ मध्ये पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. १९५२ च्या ‘बैजू बावरा’ चित्रपटात उस्ताद अमीर खाँ यांच्यासमवेतची त्यांची जुगलबंदी देशभर गाजली. ख्याल ते आटोपशीर गात, आणि त्यानंतर श्रोते भजनाची वाट पाहत बसत.

१९५५ साली भारतीय सांस्कृतिक मंडळाबरोबर ते चीनला जाऊन आले. परतल्यावर काही महिन्यांतच मेंदूज्वराने त्यांना गाठले. २६ ऑक्टोबर १९५५ रोजी, ऐन दसऱ्याच्या दिवसांत, अवघ्या चौतिसाव्या वर्षी हा स्वर थांबला. विनायकबुवा आणि नारायणराव, दोघेही तेव्हा हयात होते.