तेल, तोफा आणि डॉ. मोसादेघ

१९५१ च्या ऑक्टोबर महिन्याच्या आरंभी इराणच्या आबादान बंदरात एक विलक्षण दृश्य दिसले. जगातील सर्वांत मोठ्या तेलशुद्धीकरण कारखान्याचे उरलेसुरले इंग्रज अधिकारी आपले सामानसुमान घेऊन 'मॉरिशस' या ब्रिटिश युद्धनौकेवर चढले आणि बसऱ्याच्या दिशेने निघून गेले. त्यांना घालविणारा माणूस सत्तरीच्या उंबरठ्यावर होता. तो सदा आजारी असे, बहुतेक राज्यकारभार लोखंडी खाटेवर पडून करी आणि भर संसदेत त्याला रडू कोसळे. पाश्चात्य वृत्तपत्रांनी त्याच्या पायजम्याची यथेच्छ टिंगल केली. त्याच्या म्हणण्यात तथ्य किती, हे तपासण्याची तसदी मात्र थोड्यांनीच घेतली.

डॉ. मोहम्मद मोसादेघ यांचा जन्म १८८२ मध्ये तेहरानमधील उमराव घराण्यात झाला. आई काजार राजवंशातील. पॅरिसमध्ये काही काळ शिकल्यानंतर स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल विद्यापीठातून त्यांनी कायद्याची डॉक्टरेट मिळविली. १९२५ मध्ये रेझा खान स्वतःला शहा म्हणवून घेण्यास निघाले, तेव्हा संसदेत उघड विरोध करणाऱ्या मोजक्या सभासदांत मोसादेघ होते. त्याची किंमत त्यांना पुढे मोजावी लागली. १९४० मध्ये त्यांना बिरजंदच्या तुरुंगात टाकण्यात आले. तेथून त्यांची सुटका झाली ती युवराज मोहम्मद रेझा यांच्या रदबदलीमुळे. नियतीचा हा खेळ लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मोसादेघ यांचा लढा समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९०१ मध्ये विल्यम नॉक्स डार्सी यांना इराणच्या शहाने साठ वर्षांचा तेलाचा मक्ता दिला. मोबदला नफ्याच्या १६ टक्के. १९०८ मध्ये मस्जिद-ए-सुलेमान येथे तेल लागले. ब्रिटनजवळ वेल्सचा कोळसा मुबलक होता, पण तेलाचा थेंब नव्हता. तरीही नौदलप्रमुख फिशर आणि नौदलमंत्री चर्चिल यांनी आरमार कोळशावरून तेलावर नेण्याचा निर्णय घेतला. वेग वाढला, पण साम्राज्याच्या आरमाराचे प्राण परक्या भूमीतील विहिरींत जाऊन बसले. म्हणूनच १९१४ मध्ये, पहिले महायुद्ध पेटण्यास काही आठवडेच उरले असताना, ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन कंपनीचे बहुसंख्य भाग विकत घेतले. १९४१ मध्ये तर ब्रिटन आणि रशिया यांनी तटस्थ इराणमध्ये फौजाच घुसविल्या आणि रेझा शहांना पदच्युत व्हावे लागले. तेलक्षेत्रांचे रक्षण हे त्यामागील एक कारण होते.

मोसादेघ केवळ इंग्रजद्वेष्टे होते, हा समज खरा नाही. १९४४ मध्ये रशियाने उत्तर इराणातील तेलाचा मक्ता मागितला, तेव्हा परकीयांशी अशा वाटाघाटी करण्यास मंत्र्यांना मनाई करणारा कायदा त्यांनीच संमत करून घेतला. एकाला दिले म्हणून दुसऱ्यालाही द्यायचे, हे त्यांना मान्य नव्हते. कोणालाच देऊ नये, हे त्यांचे सूत्र होते.

१९५० च्या अखेरीस सौदी अरेबियाला अमेरिकी कंपन्यांनी निम्मा वाटा दिला. इंग्रज कंपनी मात्र अडून बसली. मार्च १९५१ मध्ये संसदेने तेलाचे राष्ट्रीयीकरण केले आणि एप्रिलअखेर मोसादेघ पंतप्रधान झाले. कायद्यात कंपनीच्या भरपाईसाठी तेलाच्या उत्पन्नातून २५ टक्क्यांपर्यंत रक्कम बाजूला ठेवण्याची तरतूद होती. ब्रिटनने युद्धनौका आबादानसमोर आणून उभ्या केल्या. सैन्य उतरविण्याची योजनाही तयार होती, पण अमेरिकेचा पाठिंबा नसल्याने ॲटली सरकारने हात आखडता घेतला. मग सुरू झाली नाकेबंदी. इराणी तेल घेऊन निघालेले 'रोझ मेरी' हे जहाज १९५२ मध्ये एडनला वळविण्यात आले, आणि इतर गिऱ्हाइकांनी धडा घेतला. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात मोसादेघ यांनी बाजी मारली, पण निकालपत्राने तेल विकले जात नाही.

याच काळात आपल्याकडे तुर्भ्याला स्टॅनव्हॅक आणि बर्मा-शेल यांचे कारखाने उभे राहिले. ते १९५४ आणि १९५५ मध्ये सुरू झाले. दोन दशकांनंतर, १९७४ ते १९७६ च्या दरम्यान, ते भारत सरकारच्या ताब्यात आले. एकही गोळी झाडली गेली नाही. इराणच्या नशिबी हे नव्हते.

मोसादेघ यांच्या चुकाही नजरेआड करता येत नाहीत. तडजोडीच्या ज्या संधी आल्या, त्या त्यांनी हातच्या जाऊ दिल्या. धर्मगुरू काशानींसारखे सहकारी दुरावले. ऑगस्ट १९५३ मध्ये त्यांनी संसद विसर्जित करण्यासाठी सार्वमत घेतले. त्यात होकार आणि नकार देणाऱ्यांसाठी वेगवेगळी मतदान केंद्रे होती. आयुष्यभर घटनेची बूज राखणाऱ्या कायदेपंडिताला हे शोभणारे नव्हते.

एव्हाना लंडनमध्ये चर्चिल आणि वॉशिंग्टनमध्ये आयसेनहॉवर सत्तेवर होते. सीआयएचे कर्मिट रुझवेल्ट यांनी तेहरानमध्ये सूत्रे हलविली. पहिला प्रयत्न फसला आणि शहा बगदादमार्गे रोमला पळाले. १९ ऑगस्टला मात्र पैसे चारून जमविलेला जमाव आणि लष्कराचे रणगाडे मोसादेघ यांच्या घरावर चालून गेले. दुसऱ्या दिवशी ते शरण आले. या उठावातील आपला हात सीआयएने अधिकृत कागदपत्रांतून मान्य केला तो साठ वर्षांनी, २०१३ मध्ये. १९५४ च्या नव्या करारात तेलाचा ४० टक्के वाटा जुन्या इंग्रज कंपनीला, ४० टक्के अमेरिकी कंपन्यांना, १४ टक्के शेलला आणि ६ टक्के फ्रेंच कंपनीला मिळाला.

लष्करी न्यायालयाने मोसादेघ यांना तीन वर्षांची शिक्षा दिली. त्यांचे परराष्ट्रमंत्री हुसेन फातेमी यांना गोळ्या घालण्यात आल्या. शिक्षा संपल्यावरही मोसादेघ सुटले नाहीत. तेहरानच्या पश्चिमेस अहमदाबाद या त्यांच्याच गावी त्यांना पहाऱ्यात ठेवले गेले, आणि तेथेच त्यांच्या अखेरच्या दहाएक वर्षांचा काळ गेला. ५ मार्च १९६७ रोजी ते वारले. १९५२ च्या जुलैमध्ये त्यांना पुन्हा पंतप्रधानपदी बसविण्यासाठी रस्त्यावर उतरून प्राण गमावलेल्यांच्या शेजारी आपले दफन व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. एके काळी ज्यांच्या रदबदलीने ते तुरुंगातून सुटले होते, त्या शहांनी ती नाकारली. घरातील जेवणाच्या खोलीची जमीन खणून त्यांना तेथेच पुरण्यात आले.