मोलकरणीच्या हातून भांडी फुटत राहिली, पण डॉक्टर शार्कोंनी तिला कामावरून काढलं नाही

एखाद्याला अचानक एका डोळ्याने धूसर दिसायला लागलं, तर डॉक्टर मेंदूचा एमआरआय काढायला सांगू शकतात. त्यात पांढरे चट्टे दिसले की एक शंका येते, ती म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस, थोडक्यात एमएस.

चट्टे आणि आजार यांची सांगड ज्यांनी नीट घालून दिली, त्यांच्या हयातीत साधा एक्स-रेसुद्धा नव्हता. त्यांचं नाव ज्याँ-मार्टिन शार्को.

शार्को यांचा जन्म १८२५ मध्ये पॅरिसमध्ये झाला. वडील घोडागाड्या बनवायचे. मुलगा डॉक्टर झाला आणि १८६२ मध्ये सालपेट्रिएर हॉस्पिटलमध्ये रुजू झाला. या जागेत कधीकाळी बंदुकीची दारू तयार व्हायची. पुढे तिथे गरीब, म्हाताऱ्या आणि आजारी बायकांना ठेवलं जाऊ लागलं. अशा हजारो बायका तिथे होत्या आणि अनेक जणी मरेपर्यंत तिथेच राहायच्या.

शार्कोंनी यातून एक पद्धत बसवली. पेशंट जिवंत असताना तिची लक्षणं वर्षानुवर्षं टिपून ठेवायची. ती गेल्यावर शवविच्छेदन करायचं आणि मेंदूत, मणक्यातल्या मज्जारज्जूत नेमकं काय बिघडलंय ते त्या नोंदींशी ताडून बघायचं.

याच काळातला एक किस्सा त्यांचे विद्यार्थी सिग्मंड फ्रॉइड यांनी नंतर लिहून ठेवलाय. शार्कोंच्या घरी कामाला असलेल्या एका बाईचे हात विचित्र थरथरायचे. तिच्या हातून इतकी भांडी फुटायची की बराच पैसा वाया गेला, तरी शार्कोंनी तिला कामावर ठेवलं. तिला वेगळाच आजार आहे असं त्यांचं निदान होतं. ती गेल्यावर तपासणी झाली, तेव्हा तिच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत कडक झालेले चट्टे सापडले.

असे चट्टे आधीही काही डॉक्टरांनी पाहिले होते, त्यांची चित्रंही काढली होती. पण १८६८ मध्ये शार्कोंनी हा एक स्वतंत्र आजार म्हणून मांडला. पार्किन्सनमध्ये हात स्वस्थ असतानाही थरथरतो, तर एमएसमध्ये तो काही उचलायला गेल्यावर थरथरतो, हा फरक त्यांनी दाखवला. वायरवरचं प्लास्टिक निघावं तसं नसांवरचं मायलिनचं आवरण इथे निघून जातं, हेही त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं.

उपचार मात्र सापडला नाही. सोन्याचे, चांदीचे क्षार, स्ट्रिक्नीन, सगळं करून झालं, गुण आला नाही.

१८८२ मध्ये त्यांच्यासाठी मज्जासंस्थेच्या आजारांचं खास प्राध्यापकपद तयार झालं. हिस्टेरिया आणि संमोहनावरच्या त्यांच्या प्रात्यक्षिकांना पॅरिसमध्ये गर्दी व्हायची, पण त्यातले बरेच निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. १८९३ मध्ये त्यांचं निधन झालं. एमएसवरचं काम मात्र टिकलं.

त्यांची मोठी अडचण एकच होती, चट्टे बघायला पेशंट मरावा लागायचा.

ही अडचण दूर व्हायला १९८१ साल उजाडलं. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधल्या टीमने एमएसच्या १० पेशंट्सचे स्कॅन काढले. सीटी स्कॅनमध्ये १९ चट्टे दिसले होते. एमआरआयमध्ये त्यांच्याशिवाय आणखी ११२ दिसले.

मग पुढचा प्रश्न आला. आजार पुढे कसा जाईल, हे स्कॅन आधीच सांगू शकतो का?

लंडनमध्येच, एमएससारखा पहिला त्रास झालेल्या १०७ जणांकडे डॉक्टरांनी सुमारे २० वर्षं लक्ष ठेवलं. त्याचे निकाल २००८ मध्ये आले. सुरुवातीच्या स्कॅनमध्ये चट्टे असलेल्या ७३ पैकी ६० जणांना एमएस झाला. स्कॅन स्वच्छ असलेल्या ३४ पैकी फक्त ७ जणांना झाला.

म्हणजे स्कॅन बरंच सांगतो, पण सगळं नाही. चट्टे असूनही १३ जण सुटले. ज्यांना एमएस झाला, त्यातल्याही बऱ्याच जणांना २० वर्षांनंतर फारसं अपंगत्व नव्हतं. एखादा छोटा चट्टा मज्जारज्जूत नको त्या जागी आला तर चालणं अवघड होतं, आणि मेंदूतले अनेक चट्टे वर्षानुवर्षं जाणवतही नाहीत. त्यामुळे आजही डॉक्टर स्कॅन बघतात आणि पेशंटला चालायलाही लावतात, बोट नाकाला लावायला सांगतात.

आता एमएसचे झटके कमी करणारी औषधं आहेत आणि ती लवकर सुरू केली तर जास्त फायदा होतो. म्हणूनच पहिल्या स्कॅनला इतकं महत्त्व आहे. शार्कोंना निदान अचूक जमलं, तरी पेशंटला द्यायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं.