डॉ. अल्झायमर आणि त्यांच्या रुग्ण ऑगस्टे

अल्झायमर हे एका डॉक्टरांचे आडनाव आहे, हे अनेकांना माहीत नसते.

डॉ. अलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीतील मार्कटब्राइट येथे झाला. १८८८ मध्ये ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. त्या काळी अशा रुग्णांना बांधून किंवा कोंडून ठेवण्याची पद्धत होती. संचालक डॉ. सिओली आणि अल्झायमर यांनी शक्य तिथे ते टाळले. अस्वस्थ रुग्णांना कोमट पाण्यात बराच वेळ बसवले जाई.

नोव्हेंबर १९०१ मध्ये ५१ वर्षांच्या ऑगस्टे डेटर तिथे दाखल झाल्या. विसर पडणे, पतीवर संशय घेणे, वस्तू लपवणे अशी लक्षणे होती. अल्झायमर त्यांच्याजवळ बसून साधे प्रश्न विचारत आणि उत्तरे जशीच्या तशी लिहून ठेवत. फ्लॉवर खात असताना त्यांनी पालक खात असल्याचे सांगितले, हेही त्यांनी नोंदवले.

१९०३ मध्ये त्यांनी फ्रँकफर्ट सोडले, तरी ऑगस्टे यांची चौकशी ते करत राहिले. अंथरुणाला खिळलेल्या ऑगस्टे ८ एप्रिल १९०६ रोजी वारल्या. बेडसोरच्या जखमांतून रक्तात जंतुसंसर्ग झाला होता. त्यांच्या मेंदूच्या तपासणीत अल्झायमर यांना प्रथिनांचे थर आणि पेशींतील गुंते दिसले. त्यांनी ते त्याच वर्षी ट्यूबिंगेनच्या सभेत मांडले, पण फारसे कुणी लक्ष दिले नाही. १९१० मध्ये डॉ. क्रेपेलिन यांनी आजाराला त्यांचे नाव दिले. १९ डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या ५१व्या वर्षी, अल्झायमर यांचे निधन झाले.

हा आजार पूर्ण बरा करणारे औषध आजही नाही. पण बेडसोर बहुतेक वेळा टाळता येतात. तुमचे आई-वडील डिमेन्शियासह रुग्णालयात असतील, तर हे करा:

• शक्यतो ओळखीची व्यक्ती जवळ असू द्या. चष्मा, कानाचे यंत्र, कवळी सोबत न्या.
• एका वेळी एकच छोटा प्रश्न विचारा. चुकीच्या उत्तरावर वाद घालू नका.
• दर दोन तासांनी कूस बदलली जाते का, ते सिस्टरांना विचारा. पाठ, कंबर, टाचा रोज पाहा.
• हात बांधण्याची वेळ आली, तर दुसरा उपाय आहे का, ते डॉक्टरांना विचारा.
• गोंधळ अचानक वाढला किंवा रुग्ण गुंगीत गेला, तर लगेच सांगा. जंतुसंसर्ग, पाण्याची कमतरता, लघवी तुंबणे किंवा एखादे औषध हे कारण असू शकते आणि त्यावर उपचार होतो.