दोन आजारपणांच्या मधली वर्षे

एप्रिल १९१७ मध्ये लंडनजवळच्या रिचमंडमधील एका घरात हाताने चालवायचे छोटे छपाई यंत्र येऊन दाखल झाले. किंमत सुमारे १९ पौंड. ते जेवणाच्या खोलीत मांडले गेले. घर होते लेखिका व्हर्जिनिया वूल्फ आणि तिचा नवरा लेनर्ड यांचे. छपाईचे शिक्षण दोघांनाही नव्हते. पुस्तिका वाचून आणि चुकत चुकत ते शिकले. लेनर्डच्या हातांना कंप होता, त्यामुळे बारीक खिळे जुळवायचे काम व्हर्जिनियाकडे आले आणि यंत्र चालवायचे लेनर्डकडे. जुलैत दोघांच्या एकेका कथेचे पहिले पुस्तक निघाले, प्रती १५०. पुढे नावाजलेल्या होगार्थ प्रेसची ही सुरुवात. पण यंत्र घेण्यामागे लेनर्डचा एक हेतू आरोग्याचाही होता. दोनच वर्षांपूर्वी व्हर्जिनिया इतकी आजारी होती की घरी परिचारिका ठेवाव्या लागल्या होत्या. सकाळभर लिहिणाऱ्या डोक्याला दुपारी हाताचे काम मिळावे, मन पुस्तकातून थोडे बाहेर यावे, असे त्याला वाटत होते.

व्हर्जिनियाचा जन्म २५ जानेवारी १८८२ चा, लंडनचा. वडील लेस्ली स्टीफन नामवंत संपादक, आई ज्युलिया कोलकात्यात जन्मलेली. वडिलांना उदासीचे झटके येत आणि एका चुलतभावाचा शेवट मनोरुग्णालयात झाला होता, म्हणजे आजाराची आनुवंशिक बाजू घरातच होती. १८९५ मध्ये आई गेली, तेव्हा ती १३ वर्षांची होती. पहिले आजारपण त्यानंतरचे. दोन वर्षांत सावत्र बहीण स्टेला गेली, १९०४ मध्ये वडील आणि १९०६ मध्ये सख्खा भाऊ थोबी विषमज्वराने. सावत्र भावांनी केलेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल तिने पुढे स्वतःच लिहिले. बालपणी असे भोगलेल्यांमध्ये हा आजार लवकर सुरू होतो आणि जास्त त्रास देतो, हे आता बऱ्याच अभ्यासांतून दिसले आहे.

१९०४ च्या आजारपणात तिला पक्षी ग्रीक भाषेत गाताना ऐकू आले. डॉक्टरांनी निदान केले ते ‘मज्जातंतूंचा अशक्तपणा’ अशा अर्थाचे. उपचार म्हणजे अंधारी खोली, सक्तीची विश्रांती, भरपूर दूध आणि लिहिण्या-वाचण्याला मनाई. लेनर्डशी लग्न झाले ऑगस्ट १९१२ मध्ये. पुढच्या वर्षी पहिली कादंबरी प्रकाशकाकडे गेली आणि तिची झोप, भूक, स्वतःवरचा विश्वास, सगळे ढासळले. सप्टेंबर १९१३ मध्ये तिने जीव देण्याचा प्रयत्न केला. एका तरुण डॉक्टरने धावपळ केल्यामुळे ती वाचली. (मनात असे विचार येत असतील तर आज आपल्याकडे ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध आहे. तेव्हा बोलायलाही कोणी नव्हते.) १९१५ च्या सुरुवातीला चित्र एकदम उलटले. ती दिवसच्या दिवस न थांबता बोलत राहिली, शेवटी शब्दांचा अर्थही लागेना. लेनर्डला तर ती कित्येक आठवडे समोरही येऊ देत नव्हती. ‘द व्हॉयेज आउट’ ही कादंबरी याच दिवसांत प्रसिद्ध झाली.

नैराश्य आणि उन्माद अशा दोन टोकांमध्ये हेलकावणारा हा आजार म्हणजे बायपोलर डिसऑर्डर. गेलेल्या माणसाचे निदान कागदांवरून करणे जपूनच करावे, पण व्हर्जिनियाचा आलेख पाहिलेल्या बहुतेक मनोविकारतज्ज्ञांचा कल याच निदानाकडे आहे.

तिच्याविषयी लिहिताना या आजारपणांचे आणि शेवटाचेच वर्णन जास्त होते. डॉक्टरच्या नजरेला मात्र १९१५ नंतरची जवळपास २५ वर्षे अधिक विचार करायला लावतात. ‘मिसेस डॅलोवे’ १९२५ मध्ये आली, ‘टू द लाइटहाउस’ १९२७ मध्ये, ‘द वेव्ह्ज’ १९३१ मध्ये. शिवाय शेकडो परीक्षणे, हजारो पत्रे, रोजनिशी. टी. एस. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’च्या इंग्लंडमधील पहिल्या पुस्तकरूप आवृत्तीचे खिळे तिने स्वतः जुळवले. आजार बरा झाला नव्हता आणि प्रभावी औषध तर अस्तित्वातच नव्हते. मग हे जमले कसे?

लेनर्ड सात वर्षे श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, ब्रिटिश प्रशासनात अधिकारी होता. नोंदी ठेवायची सवय तिथली. व्हर्जिनियाची झोप, डोकेदुखी, जेवण, मनःस्थिती तो डायरीत टिपत असे; १९१३ मध्ये तर तमिळ आणि सिंहली अक्षरांच्या सांकेतिक लिपीत, म्हणजे तिच्या हाती पडले तरी कळू नये. या नोंदींतून त्याला एक क्रम सापडला. आधी डोके दुखते, मग झोप उडते, मग विचार धावू लागतात. याच पायरीवर ती काही दिवस अंथरुणात शांत पडून राहिली तर लाट ओसरते. दुर्लक्ष झाले तर आठवड्यांची, महिन्यांची किंमत मोजावी लागते. ‘मूड चार्ट’ म्हणून आज रुग्णाला जे भरायला सांगितले जाते, त्याची ही घरगुती आवृत्ती होती.

दिवस आखलेला असे. सकाळी दहाच्या सुमारास लेखन, दुपारी जेवणापर्यंत. नंतर लांब फेरफटका किंवा छपाई, चहा, पत्रे, वाचन. रात्री अकरापर्यंत झोप. मेजवानीत गप्पा रंगल्या की लेनर्ड उठून निघायची खूण करी आणि तिला ते मुळीच आवडत नसे. तरी रोज ठरल्या वेळी झोपणे-उठणे हा आज बायपोलरच्या मानसोपचारातला महत्त्वाचा भाग आहे. एका रात्रीचे जागरणही काही रुग्णांमध्ये उन्मादाला वाट करून देते. लग्नसराईत किंवा रात्रपाळीनंतर रुग्ण बिघडून आलेला मनोविकार विभागात सर्रास दिसतो.

मधली वर्षे निरोगी होती असे समजण्याचे मात्र कारण नाही. ऑगस्ट १९२५ मध्ये बहीण व्हेनेसाच्या घरी एका वाढदिवसाला ती चक्कर येऊन पडली आणि पुढचे कित्येक महिने अंथरुणातच गेले. आजारपणावरचा तिचा निबंध त्याच काळातला. १९३६ मध्ये ‘द इयर्स’ तपासताना कित्येक महिने जवळपास काहीच लिहून झाले नाही. रुग्ण उन्मादात नाही आणि गाढ नैराश्यातही नाही, म्हणजे तो ठीक आहे, असे घरच्यांना आणि वरिष्ठांना वाटते. पण उरलेली थोडीशी उदासी, मंदावलेले लक्ष, तुटक झोप यांनीच रोजचे काम सर्वात जास्त अडते. अशा दिवसांत व्हर्जिनियाला वेग कमी करता येई, कारण ती कोणाच्या हजेरीपटावर नव्हती. कादंबरी जड झाली तर परीक्षण लिही, तेही नको तर खिळे जुळव.

पैसाही होता. १९०९ मध्ये आत्याने तिच्या नावे २,५०० पौंड ठेवले होते. घरात स्वयंपाकीण होती, मोलकरीण होती. आजार बळावला तर परिचारिका ठेवता येत. हे नसते तर काय, याचे उत्तर तिच्याच घरात होते. दुसरी सावत्र बहीण लॉरा तरुणपणीच संस्थेत ठेवली गेली आणि १९४५ मध्ये मरेपर्यंत संस्थांमध्येच राहिली. तिचा त्रास वेगळा होता, पण आपल्यालाही तिथेच टाकतील ही भीती व्हर्जिनियाला असणे स्वाभाविक होते. वूल्फ दांपत्याची शिस्त अनेकांना जाचक वाटते, लेनर्डवर टीकाही खूप झाली. ती टीका करताना तेव्हाचा दुसरा पर्याय कोणता होता, हे विसरले जाते.

एका बाबतीत मात्र किंमत जबर होती. मूल हवे का, यावर लेनर्डने अनेक डॉक्टरांना विचारले, मते वेगवेगळी आली आणि त्याने नको असे ठरवले. बहिणीच्या मुलांकडे पाहताना तिला ही बोच आयुष्यभर राहिली. आज असा सरसकट नकार कोणी देणार नाही. प्रसूतीनंतरचे आठवडे धोक्याचे असतात हे खरे, पण आधी औषधे बदलून, व्हॅल्प्रोएटसारखी टाळून, अनेक रुग्ण सुखरूप आई होतात. तेव्हाच्या वैद्यकाचे हाल असे की १९२२ मध्ये तिचा बारीक ताप जावा म्हणून तीन दात उपटले गेले. ताप गेला नाहीच.

१९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडू लागले आणि एवढ्या वर्षांत बांधलेली घडी मोडली. शहरातली त्यांची दोन्ही घरे उद्ध्वस्त झाली, छपाईचा कारभार लेचवर्थला हलवावा लागला. रॉडमेल या खेड्यातल्या घरी मित्रांचे येणे कमी झाले. लेनर्ड ज्यू असल्याने जर्मन आले तर काय, ही टांगती तलवार होती. त्यातच एक कादंबरी संपली, आणि पुस्तक संपण्याचे दिवस तिच्यासाठी नेहमीच वाईट असत. मार्च १९४१ मध्ये तिला पुन्हा आवाज ऐकू येऊ लागले. जुन्या नियमाने तिला तत्काळ अंथरुणात ठेवायला हवे होते. पण १९१३ मध्ये आजार कबूल करायला लावताच ती खचली होती, हे लेनर्ड विसरला नव्हता. २७ मार्चला त्याने तिला ब्रायटनमधील परिचित डॉक्टर ऑक्टेव्हिया विल्बरफोर्स यांच्याकडे नेले. परिचारिका ठेवायची का, यावर विचार झाला आणि सक्ती न करण्याचे ठरले. दुसऱ्या दिवशी व्हर्जिनियाने आयुष्य संपवले. ती ५९ वर्षांची होती.

लिथियमचा उन्मादावर होणारा परिणाम ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. लेनर्ड १९६९ पर्यंत जगला. १९५३ मध्ये त्याने तिच्या रोजनिशीतला लेखनाविषयीचा निवडक भाग छापला. संपूर्ण रोजनिशी पाच खंडांत १९७७ ते १९८४ या काळात आली. डोकेदुखीचे दिवस आणि कादंबरीचे दिवस तिच्यात एकामागोमाग येतात.